चौदा नंबरचे कपडे

परत आल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो. "काय हो, तिकडे म्हणे आईबापांना सरळ आश्रमात टाकतात?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्याला फक्त माझी मान हललेली हवी असते. दीड वर्षापूर्वी मीही जोरात हलवली असती. आता मी म्हणते, बसा, तुम्हाला एका धुलाईवालीबद्दल सांगते.

त्याआधी थोडं माझ्याबद्दल, कारण यातला गुन्हा माझा आहे. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. समोरच्याचं चुकलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो, आणि पेन नसेल तर तोंड आहेच. निवृत्त झाले, आई गेली, घर रिकामं वाटायला लागलं. तेव्हा एका संस्थेतर्फे वर्षभर परदेशातल्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून जायचं मी ठरवलं. मुलगा म्हणाला, "आई, तिथल्या म्हाताऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" सगळे हसले, मीही हसले. पण मनातून माझी पक्की खात्री होती की त्या लोकांकडे सगळं आहे, फक्त माया नाही, आणि ती त्यांना शिकवायला मी निघाले आहे. सहा महिने क्लास लावून त्यांची भाषा शिकले. मोडकीतोडकी का होईना, बोलता येत होती. सूटकेसमध्ये लोकरीचे मोजे आणि डोक्यात हा सगळा अभ्यासक्रम घेऊन मी जाऊन पोचले.

आश्रम चार मजली होता. लांबलचक व्हरांडे, दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरायला लाकडी दांडे, मोठाल्या बटणांची लिफ्ट आणि सगळीकडे साबणाचा वास. माझं काम म्हणजे कुणाला पेपर वाचून दाखवायचा, कुणाला हाताला धरून चालवायचं, कुणाला चार घास भरवायचे. पहिल्याच दिवशी मी तिथल्या मुख्य बाईंना ऐकवलं, "आमच्याकडे म्हातारी माणसं घरातच असतात. माझी आई शेवटपर्यंत माझ्याजवळ होती."

"भाग्यवान होत्या," बाई म्हणाल्या. "मग तुम्हाला बरंच ठाऊक असेल. फक्त एक करा, नवीन काही करावंसं वाटलं तर आधी मला विचारा."

मी हो म्हटलं. शाळेत मुलंही असंच हो म्हणतात.

धुलाईवाली मला दुसऱ्या दिवशी दिसली. तळघरातून कपड्यांची ढकलगाडी घेऊन ती रोज वर यायची. उंच, रुंद खांद्यांची, पिकलेले केस पुरुषासारखे बारीक कापलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लिफ्टचं दार उघडलं की ती गाडी एकदम बाहेर काढायची नाही. आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, मग समोर, आणि मगच निघायची. मी गमतीनं म्हटलं, "सिग्नल लागलाय का?"

ती हसली नाही. "चोवीस वर्षं शहर बस चालवली," म्हणाली. "मान ऐकत नाही."

"मग सोडली का?"

"गुडघे," ती म्हणाली, आणि दोन्ही बाजूंना बघून पुढे गेली. पुढे मी तिला तळघराचे जिने तरातरा चढताना बघितलं आणि हे गुडघे काही मला पटले नाहीत.

तिचं तळघर बघण्यासारखं होतं. चार मोठी मशीनं, इस्त्रीचं लांब टेबल, आणि भिंतीला खणच खण, प्रत्येक खोलीचा एक. हरवू नयेत म्हणून प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून खोली नंबरची पट्टी लावलेली असायची, शाईने छापलेली. फक्त चौदा नंबरच्या कपड्यांवर पट्टी नव्हती. तिथे पिवळ्या दोऱ्याने हाताने घातलेले आकडे होते, बारीक, एकसारख्या टाक्यांचे. मी विचारलं तर म्हणाली, "शाई फिकी पडते." बाकी तीस-बत्तीस जणांची शाई फिकी पडली तर चालणार होतं, असं दिसत होतं.

चौदा नंबरमध्ये खिडकीतल्या मावशी राहायच्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांची खुर्ची खिडकीला टेकवलेली होती आणि खाली बसस्टॉप होता. त्यांच्या आठवणीचं घड्याळ कुठल्यातरी एका जुन्या वर्षात बंद पडलं होतं. त्या वर्षी त्यांची मुलगी आठ वर्षांची होती, शाळेत गेलेली होती आणि चार वाजता घरी यायची होती. रोज चार वाजता. साडेतीनला धुलाईवाली त्यांचे कपडे घेऊन यायची, स्टुलावर बसायची आणि घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालायची. मावशी तिच्याशी मुलीबद्दल बोलत राहायच्या. चार वाजत आले की केसांवरून कंगवा फिरवायच्या आणि दाराकडे बघायला लागायच्या. मग धुलाईवाली म्हणायची, "आज शाळेत खेळाचा तास आहे, बाई. उशीर होईल तिला."

"हो का? मग खाऊन घेईल तिकडेच," मावशी म्हणायच्या, आणि निवांत व्हायच्या.

मला हे मुळीच आवडलं नाही. धडधडीत खोटं, तेही रोज, तेही म्हाताऱ्या माणसाशी! मी व्हरांड्यात धुलाईवालीला गाठलं. "खोटं का सांगता त्यांना?"

"मग काय सांगू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

महिन्याभराने मुख्य बाईंनी मला सगळ्यांच्या फायलींना नवी कव्हरं घालायला सांगितलं. चौदा नंबरची फाईल हातात आली. पहिल्याच पानावर जवळच्या नातेवाइकाचा रकाना होता. त्यात धुलाईवालीचं नाव होतं आणि पुढे नातं लिहिलं होतं: मुलगी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी मुलगी! आई वर खिडकीत डोळे लावून बसलीय आणि ही खाली तिचे परकर इस्त्री करतेय! दिवसातून अर्धा तास येते, तोही कामाचा भाग म्हणून, आणि आईला आई म्हणत नाही, 'बाई' म्हणते! लाज वाटते की काय हिला? म्हटलं ना, माया नाही या लोकांत. मी फाईल मिटली. पान उलटलं नाही. एकतीस वर्षं मी पोरांना ओरडत आले होते की आधी गणित शेवटपर्यंत वाचा, मग सोडवा.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी तिच्या मागोमाग चौदा नंबरमध्ये शिरले. तिच्या हातातले कपडे बाजूला ठेवले, तिचा हात धरला आणि मावशींच्या हातात दिला. "मावशी," मी म्हटलं, "ओळखलंत का हिला? अहो, ही तुमची मुलगी."

धुलाईवालीचा चेहरा पांढराफटक पडला. "नको," ती म्हणाली. "नको, नको."

मला वाटलं, आता चोरी उघडी पडली म्हणून नको म्हणतेय. मला आणखीच चेव चढला. "तुमची मुलगी मोठी झाली, मावशी. तुम्ही चौऱ्याऐंशीच्या आहात आणि ही छप्पन्नची. बघा तरी तिच्याकडे." फळ्यावर वजाबाकी करून दाखवावी तसं मी सांगत होते.

मावशींनी बघितलं. आधी हातातल्या त्या रुंद, साबणाने भेगाळलेल्या हाताकडे, मग पिकलेल्या केसांकडे. "माझी मुलगी आठ वर्षांची आहे," त्या हळू म्हणाल्या. मग त्यांनी हात झटकला. "कुठाय ती? काय केलंस तू तिला? माझी मुलगी कुठाय?"

असला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. काठी न घेता त्या उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या. एकेका दारावर थापा मारत मुलीच्या नावानं हाका मारत सुटल्या. दोन परिचारिका धावल्या, मुख्य बाई धावल्या. मावशींना शांत करेपर्यंत संध्याकाळ झाली. एवढा सगळा वेळ धुलाईवाली त्या खोलीतच उभी होती, आईचे दोन ब्लाऊज छातीशी धरून.  

मुख्य बाईंनी मला ऑफिसात बसवलं आणि त्या फायलीचं दुसरं पान माझ्यासमोर ठेवलं. चार वर्षांपूर्वी, मावशींना आश्रमात आणल्यावर, मुलगी रोज मुलगी म्हणून यायची. आणि दर वेळी हेच व्हायचं. ही कोण परकी बाई, हिनं माझ्या पोरीचं काय केलं, असं म्हणून मावशी सैरभैर होऊन हिंडायच्या. डॉक्टरांनी अखेर मुलीला सांगितलं, येऊ नका. मग तिने बस सोडली आणि तळघरात धुण्याचं काम करायला माणूस हवं होतं ते काम धरलं. धुलाईवाली म्हणून कपडे घेऊन आली तेव्हा मावशींनी तिला पहिल्याच दिवशी स्टूल पुढे केलं. मुलगी म्हणून दार बंद होतं, धुलाईवालीसाठी उघडं होतं. तेवढ्या अर्ध्या तासासाठी तिने सगळं मागे टाकलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. चूक दुसऱ्याची निघते का, हे मी अजूनही बघत होते.

"तुम्ही म्हणाला होतात ना, तुमची आई शेवटपर्यंत तुमच्याजवळ होती," बाई म्हणाल्या. "म्हणून मला वाटलं, तुम्हाला हे माहीत असणार."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं, म्हणून ते वाक्य मला आजही टोचतं.

कारण माझ्या आईलाही हाच आजार होता. आई माझ्या घरात होती, हे खरं. तिची आंघोळ, तिचं जेवण, तिच्या गोळ्या, सगळं घड्याळाच्या काट्यावर. पण संध्याकाळ झाली की ती विचारायची, "हे अजून ऑफिसातून आले नाहीत गं?" आणि मी सांगायचे, "आई, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली." खरं तेच सांगायचं, हा माझा बाणा. ती माझ्याकडे बघत राहायची आणि मग रडायची. आत्ताच बातमी कळल्यासारखी, ऊर फुटेस्तोवर. दुसऱ्या दिवशी विसरायची आणि पुन्हा विचारायची. मी पुन्हा सांगायचे. वर म्हणायचे, "किती वेळा सांगायचं गं तुला?" एकेका आठवड्यात चार-चार वेळा मी माझ्या आईला विधवा केलं. आज खेळाचा तास आहे, असं एक वाक्य मला सुचलं नाही.

त्या रात्रीच नव्हे, त्या अख्ख्या महिन्यात मला धड जेवण गेलं नाही.

मावशींना दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच आठवत नव्हतं. माझ्याशीही नेहमीसारखं हसल्या. मला हायसं वाटलं. पण साडेतीनला ढकलगाडीची चाकं वाजली, धुलाईवाली दारात आली आणि मावशींनी पडदा घट्ट धरला. "हिला जायला सांगा," म्हणाल्या. का, ते त्यांना सांगता येईना. तिसऱ्या दिवशीही तेच. घडलेलं पुसून गेलं होतं, भीती तेवढी उरली होती. चौथ्या दिवशी धुलाईवालीने चौदा नंबरचे कपडे माझ्या हातात दिले. "तुम्ही न्या," म्हणाली.

मी तळघरात माफी मागायला गेले. ती इस्त्री करत होती. माझी वाक्यं त्यांच्या भाषेत नीट बसेनात, तशीच उलटसुलट बोलत राहिले. तिने इस्त्री उभी ठेवली.

"तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला राग नाही आला असं नाही. आला. पण रागावून ते स्टूल परत मिळणार आहे का?"

मग तिने मला सांगितलं. लहानपणापासून तिला बसचं वेड. आई बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मुलीनं शिकावं, टेबलखुर्चीवर बसावं, असं आईच्या मनात. मुलीनं बस चालवायचा परवाना काढला तेव्हा आई दोन वर्षं बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण चोवीस वर्षांत एकदाही लेकीच्या बसमध्ये चढली नाही. लेकीची बस दारावरून जायची आणि आई दुसऱ्या बससाठी थांबून राहायची. "मी आरशात बघायचे तिला," धुलाईवाली म्हणाली. "स्टॉपवर उभी. पर्स घट्ट धरलेली."

"तिला विचारायचं राहून गेलं, एवढा राग का होता. आता विचारता येत नाही. पण आठ वर्षांची होते तेव्हाही मी बस-बसच करायचे. म्हटलं, त्या वेळच्या गोष्टी सांगता सांगता कधीतरी बसबद्दल बोलेल. मुलीजवळ नाही बोलली तर धुलाईवालीजवळ बोलेल. चार वर्षं मी वाट बघत होते." तिने हातातल्या ब्लाऊजची कॉलर उलटी केली. "शाळेच्या कपड्यांवर आई माझा नंबर असाच घालायची. पिवळ्या दोऱ्याने."

त्या दिवसापासून माझी नवी नोकरी सुरू झाली. साडेतीनला वर, चौदा नंबरच्या स्टुलावर. घड्या घातलेले कपडे उलगडायचे, पुन्हा घालायचे, ऐकायचं. चार वाजता 'खेळाचा तास आहे' म्हणायचं. पहिल्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. एकतीस वर्षांचा बाणा, एकदम कसा सुटणार? मावशी दाराकडे बघत होत्या, कंगवा हातात. शेवटी म्हटलं मी. "हो का?" मावशी म्हणाल्या आणि निवांत झाल्या. इतकं सोपं होतं ते. मी बाथरूममध्ये जाऊन आईसाठी रडून घेतलं.

सव्वाचारला मी तळघरात जायचे. धुलाईवाली मशीन बंद करायची, म्हणजे एकही शब्द आवाजात हरवायला नको. मी सांगायचे. पोरीचा पुढचा दात पडला आणि सापडतच नाही म्हणून मावशींनी सगळं अंथरूण झाडलं.

"कसा सापडेल?" धुलाईवाली म्हणाली. "गिळला होता मी. भीतीनं सांगितलं नाही." आणि दोघी इतक्या हसलो की परिचारिका खाली डोकावून गेली. असे चार-पाच महिने गेले. दात आला, ताप आला, हट्ट आले, रुसवे आले. बस काही आली नाही. मावशी मात्र आटत चालल्या. खुर्ची सुटली, पलंग आला. आम्ही पलंगच खिडकीला लावला.

एके दिवशी खाली स्टॉपवर बस येऊन थांबली. मावशी तिच्याकडे बघत होत्या आणि एकाएकी बोलायला लागल्या.

"आमची पोरगी घरात बस करते. जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या ओढते आणि एकामागे एक लावते. पुढे स्वतः बसते, हातात ताटली धरून गोल गोल फिरवते. काल मला म्हणाली, आई, चढ ना, बस सुटतेय. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, मला वेळ नाही, आणि खुर्च्या जागेवर ठेव आधी. तिनं किती वेळ बस थांबवून धरली होती, माझ्यासाठी."

माझ्या हातातला ब्लाऊज तसाच राहिला.

"चढायला हवं होतं गं मी," मावशी म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम. तिचं तोंड एवढंसं झालं. आज आली शाळेतून की चढेन."

"चढा," मी म्हटलं. "येईलच ती आता."

मी लिफ्टनं खाली निघाले. चार वर्षं जिनं या वाक्याची वाट बघितली ती तळघरात होती, आणि ते आलं ते माझ्यासमोर. त्या स्टुलावर तिनं असायला हवं होतं. मी तोंड मिटून ठेवलं असतं तर ती असती. हे मला कुणी समजावायला येऊ नका, माझं गणित पक्कं आहे.

मी सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. ती टेबलाची कड धरून उभी होती.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. पहिल्यांदाच मला तू म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

"ताटली निळी होती," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर मी म्हटलं, "वर चल. डोळा लागला असेल त्यांचा. दारातून बघ नुसतं."

तिने टेबलाची कड सोडली. "ती माझी वाट बघतेय ना? बसमध्ये चढणार म्हणाली ना?"

"हो."

"मग मी नाही येत. मी गेले आणि ती घाबरली तर? बघू दे वाट."

पूर्वीची मी असते तर तिला हाताला धरून वर ओढत नेलं असतं. या वेळी मी खाली बसून तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घातल्या.

नवव्या दिवशी सकाळी मावशी गेल्या. झोपेतच. मुख्य बाईंनी धुलाईवालीला वर बोलावलं. ती लिफ्टमधून आली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि आईचा धुतलेला जोड घेऊन चौदा नंबरमध्ये गेली. आईला तिनं एकटीनं कपडे घातले. मी व्हरांड्यात ढकलगाडी धरून उभी होते. दार पूर्ण लागलं नव्हतं.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "आई." अगदी हळू, चाचपडत. मग जरा मोठ्यानं. मग ती म्हणतच राहिली, आई, आई, आई. चार वर्षं अडलेली हाक होती ती. आता ऐकून घाबरणारं तिथे कुणी नव्हतं.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. माझ्याशेजारी भिंतीच्या दांड्याला टेकून उभी राहिली.

"पुन्हा एकदा सांग," म्हणाली.

मी खुर्च्यांपासून सुरुवात केली.